होईल हो आपोआप!

बरेच दिवस इकडे फिरकले नव्हते. दोन अर्धवट पोस्ट्स लिहून पडल्यात, एक सातारच्या कंदी पेढ्यांवर आणि एक आमच्या सोसायटीच्या पाण्यावर. त्या यथावकाश येतील. आज मात्र भांडायला आलेय. गेल्या रविवारी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाक्य वाचलं आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. भांडी आपटून झाली, नवऱ्यावर चिडून झालं (त्याचा काहीएक संबंध नव्हता, पण तो समोर होता), आता राहिलात तुम्ही.

झालं असं, की माझ्या चुलतभावाला मुलगी झाली. आज पाच आठवड्यांची आहे. बाळ चांगलं वजनदार, डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. मग जी काही ओढाताण झाली त्यात तिच्या डाव्या हाताची नस दुखावली. वहिनीने ग्रुपवर अंघोळीनंतरचा व्हिडिओ टाकला होता. दुपट्यावर निजलेली पोर, उजवा हात हवेत गरागरा फिरतोय, आणि डावा अंगालगत सरळ पडलेला, कोपरात ताठ, तळवा मागे वळलेला. तो हात बघितल्याबरोबर माझ्या पोटात गोळा आला, कारण तो मी आधी पाहिलेला आहे.

व्हिडिओखाली प्रतिक्रिया नेहमीच्याच. "नस दबली असेल, मोकळी होईल." "आमच्याकडे एक बाई येतात, त्यांच्या हाताला गुण आहे." "होईल हो आपोआप, लहान बाळांचं सगळं भरून येतं." आणि मग अण्णाकाकांचं ते वाक्य: "ताईच्या मुलाचंही असंच होतं. काय बिघडलं? मजेत आहे पोरगा."

अण्णाकाका, तुम्ही हा ब्लॉग वाचता हे मला माहीत आहे. मागच्या वेळी शुद्धलेखनाच्या सात चुका काढून फोन केला होतात. तर काय बिघडलं ते आज सविस्तर सांगते. ज्याच्याबद्दल सांगतेय त्याला विचारूनच लिहितेय. भाचा म्हणाला, "लिही, पण फोटो टाकू नकोस आणि मला बिचारा म्हणू नकोस." नाही म्हणणार.

भाचा २०१६ सालचा. ताईला गरोदरपणात साखर निघाली होती, बाळ सव्वाचार किलोंचं. त्याचाही खांदाच अडकला होता. त्या प्रसंगाबद्दल डॉक्टरांना दोष द्यायला मी इथे बसलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. डोकं बाहेर आणि खांदा आत अशी अवस्था झाली की हातात मोजकी मिनिटं असतात. आईच्या मांड्या पोटाकडे दाबून धरायच्या, ओटीपोटाच्या खाली दाब द्यायचा, अशा युक्त्या ठरलेल्या आहेत. त्या नीट करूनही नस ताणली जाऊ शकते. सिझेरियनने हा धोका खूप कमी होतो, पण शून्य होत नाही. तो दिवस बाळ जिवंत हाती आलं म्हणून मी आजही त्या डॉक्टरांना हात जोडीन.

माझं भांडण त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं.

डिस्चार्ज कार्डावर हाताबद्दल एक अक्षर नव्हतं. तोंडी सांगितलं, "थोडा ताण आलाय, दोन-तीन महिन्यांत येईल." का लिहिलं नाही, हे मला आता कळतं. हॉस्पिटलच्या काचा फुटतात, डॉक्टरांना मारहाण होते, त्यासाठी महाराष्ट्राला २०१० साली वेगळा कायदा करावा लागला. लिहून दिलं की उद्या तोच कागद पुरावा म्हणून अंगावर येईल ही भीती खरी आहे. पण त्या न लिहिलेल्या ओळीची किंमत कोणी मोजली? पुढच्या प्रत्येक डॉक्टरांना आम्ही "हाताला जरा ताण आलाय" एवढंच सांगत राहिलो. आम्हाला दुखापतीचं नावच माहीत नव्हतं. नावच माहीत नसेल तर माणूस शोधणार काय?

नाव आहे ब्रेकियल प्लेक्सस. मानेतल्या पाचव्या, सहाव्या, सातव्या, आठव्या आणि छातीच्या पहिल्या अशा पाच नसा मणक्यातून बाहेर पडतात, गळपट्टीच्या हाडामागे एकमेकींत गुंततात आणि मग हातभर पसरतात. वरच्या दोन खांदा उचलतात, कोपर वाकवतात. खालच्या दोन बोटांच्या. बाळाचं डोकं एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ताणला गेला की या जुडग्यावर ताण येतो. आमच्या घरी वायरिंगचं काम चालू होतं तेव्हा मला हे सगळ्यात नीट समजलं. वायर नुसती ताणली गेली तर काही दिवसांनी दिवा आपला आपण लागतो. वायर मध्येच तुटली तर तुटका भाग काढून नवा तुकडा जोडावा लागतो. आणि वायर थेट मेन बोर्डातूनच उपटली गेली, तर तिथे जोडायला काही उरतच नाही, मग शेजारच्या चालू लाइनवरून करंट घ्यावा लागतो. तिन्हींत बाहेरून दिसतं ते एकच: दिवा लागत नाही.

"होईल हो आपोआप" हे पहिल्या प्रकाराला लागू आहे. दुसऱ्याला आणि तिसऱ्याला नाही. आणि पहिल्या आठवड्यात कुठला प्रकार आहे हे नुसतं बघून छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही. इथपर्यंत मला सगळं मान्य. वाट बघावीच लागते. हजार बाळंतपणांत एक-दोन बाळांना ही दुखापत होते आणि त्यातली बरीचशी खरंच बरी होतात. काका, तुमच्या ऑफिसातल्या त्या साहेबांचा नातू बरा झाला, ते खोटं नाही. पण नव्वद टक्के मुलं पूर्ण बरी होतात, असं जे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, ते हॉलंडमधल्या लायडनच्या डॉक्टरांनी २००४ साली जुने सगळे अभ्यास उकरून तपासलं आणि म्हणाले की या आकड्याला भक्कम आधार नाही. वीस ते तीस टक्के मुलांच्या हातात काही ना काही कमतरता कायमची राहते. म्हणजे दहातली दोन-तीन. लग्नाच्या बसमध्ये दहापैकी दोन-तीन सीट मोडक्या आहेत असं सांगितलं, तर अण्णाकाका, तुम्ही सीट हलवून बघितल्याशिवाय बसाल का?

तर वाट बघावी, पण किती? साधी गोष्ट आहे आणि ही एकच गोष्ट मला या सगळ्या पोस्टमधून सांगायची आहे. जोडलेली नस रोज साधारण एक मिलिमीटर वाढते. बस. कितीही तेल चोळा, कितीही नवस बोला, एक मिलिमीटर. तीन महिन्यांच्या बाळाच्या मानेपासून तळव्यापर्यंत अंतर मोठ्या माणसाच्या एका वितीएवढं. म्हणजे सात-आठ महिने. तिकडे नसेविना पडून राहिलेला स्नायू वाळत चाललेला असतो, आणि वर्ष-दीड वर्षानंतर तो इतका वाळतो की नस पोचली तरी दार उघडायला घरात कोणी नसतं. आता हिशेब करा. तिसऱ्या महिन्यात ऑपरेशन झालं तर नस अकराव्या महिन्याच्या सुमाराला तळव्यात. नवव्या महिन्यात झालं तर, हात तोवर लांबही झालेला असतो, दीड वर्ष उलटून जातं. खांद्याला आणि दंडाला उशीर थोडा तरी परवडतो, कारण ते मानेपासून जवळ. बोटांना परवडत नाही. बोटं सगळ्यात लांब राहतात.

आमच्या भाच्याची बोटंच हलत नव्हती.

पूर्ण हात लुळा होता, खांद्यापासून नखांपर्यंत. आणि आणखी एक गोष्ट होती, जी मी आजवर फक्त ताईला बोलून दाखवली आहे. त्याचा त्या बाजूचा डोळा जरा बारीक होता. पापणी किंचित खाली. बारशाला सगळे म्हणाले, "अगदी आजोबांवर गेलाय, तेही असेच डोळा मिचकावून बघायचे." सगळे म्हणजे कोण? सगळ्यात आधी मी. पाळण्यात वाकून मीच म्हणाले होते, आणि आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, बाबांना जाऊन तेव्हा दीडच वर्ष झालं होतं. त्यानंतर तो डोळा आमच्या घरात आजोबांचा डोळा झाला. कोणी डॉक्टरांना दाखवला नाही. आजोबांचा डोळा कोण डॉक्टरांना दाखवतं?

ती बाबांची खूण नव्हती. छातीच्या पहिल्या नसेच्या मुळाशीच पापणीकडे आणि बाहुलीकडे जाणाऱ्या बारीक तंतूंची वाट आहे. ते मूळ मणक्याजवळ उपटलं गेलं की पापणी उतरते, बाहुली लहान होते. लुळा हात आणि उतरलेली पापणी एकत्र दिसली, तर हे आपोआप भरून येण्यातलं नाही असंच समजावं लागतं. आणि हे काही काल-परवा सापडलेलं नाही. ऑगस्टा क्लुम्पके नावाच्या बाईंनी पॅरिसमध्ये विद्यार्थिनी असताना, १८८५ साली, हे लिहून ठेवलं. पुढच्याच वर्षी त्या तिथल्या हॉस्पिटलांत निवासी डॉक्टर म्हणून निवडल्या गेलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक ठरल्या. म्हणजे १८८५ साली एका विद्यार्थिनीला दिसलेली गोष्ट २०१६ साली एम.ए. झालेल्या मावशीला दिसली नाही. बरं, मावशीचं सोडा. लसीकरणाला चार वेळा बाळ नेलं, तिथेही नाही.

थोडं विषयांतर. क्लुम्पकेबाईंचा जन्म १८५९ चा. त्याच वर्षी जानेवारीत बर्लिनला एक राजपुत्र पायाळू जन्मला आणि त्याचा डावा हात याच दुखापतीने कायमचा अधू झाला. हाच पुढे कैसर विल्हेल्म दुसरा. त्याच्या फोटोंत डावा हात नेहमी तलवारीच्या मुठीवर किंवा खिशात किंवा हातमोजे धरलेला, लपवलेला. लहानपणी त्याच्या हातावर काय काय केलं, तर विजेचे झटके, यंत्रात जखडणं, आणि हा कळस, नुकत्याच मारलेल्या सशाच्या ऊबदार अंगात हात घालून ठेवणं, म्हणजे सशाचं बळ हातात उतरेल. राजाचा मुलगा होता, वैद्यांची काय कमी! पण तेव्हा बिचाऱ्यांकडे (त्यांना म्हणायला हरकत नाही ना?) दुसरं काही नव्हतं. ग्लासगोच्या रॉबर्ट केनेडींनी अशा बाळांच्या नसा शिवल्याचं लिहिलं ते १९०३ साली. मग ती विद्या पन्नासेक वर्षं मागे पडली, कारण डोळ्यांना न दिसणारी गोष्ट शिवणार कशी? सूक्ष्मदर्शकाखाली ऑपरेशनं होऊ लागल्यावर ऐंशीच्या दशकात पॅरिसच्या आलँ गिल्बेर आणि तासाँ यांनी ती पुन्हा उभी केली. त्यांचा नियम आजही बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न म्हणून विचारतात: तीन महिने झाले, बाळ कोपर वाकवतंय का?

नवजात राजपुत्राला ससा आणि आमच्या बाळाला वेखंडाचं तेल. फरक एवढाच की आमच्या वेळी मुंबईला ऑपरेशन होत होतं.

हो, होत होतं. हे परदेशातलं काहीतरी आहे असा गैरसमज कृपा करून नको. २०११ साली मुंबईच्या डॉ. मुकुंद थत्ते आणि डॉ. ऋजुता मेहता यांचा इंडियन जर्नल ऑफ प्लास्टिक सर्जरीत याच दुखापतीवर सविस्तर लेख आलेला आहे, नेटवर फुकट वाचता येतो. कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलात ही ऑपरेशनं होतात. भाचा जन्मला तेव्हा तो लेख येऊन पाच वर्षं झाली होती, आणि आमच्या गावापासून मुंबई एका रात्रीच्या एसटीवर. त्या रात्रीच्या एसटीत बसायला आम्हाला नऊ महिने लागले.

का लागले, ते सांगते. साडेतीन महिन्यांचा असताना फिजिओथेरपीच्या मुलीने, पोरगेलीच होती, नुकती पास झालेली, ताईला हळूच सांगितलं की एकदा हाताच्या सर्जनला दाखवून घ्या. ताईने मला फोन केला. घरात चारबुकं शिकलेली मीच ना! आणि मी काय सांगावं? "अगं, एवढ्याशा जिवाला कशाला चिरायचं? वर्षभर बघू. मुलांचं सगळं भरून येतं." शब्द बघा, काका. तुमचेच आहेत. मी तुमच्यावर चिडलेय ते परकेपणाने नाही.

ताईने माझं ऐकलं. ती सासरी होती, तिथे आधीच तिच्या मागे शब्द लागलेले होते. कळा देताना जोर लावला नाही. ग्रहण नीट पाळलं नव्हतं म्हणे. गोड फार खायची. ज्या बाईचं बाळ असं अडकलं, जी स्वतः टाक्यांनी बसू शकत नव्हती, तिलाच आरोपी करून टाकलं की बाकीच्यांना काही करायचं उरत नाही, ही यातली मोठी सोय आहे. अशा घरात ऑपरेशनचं नाव काढायला माहेरचा पाठिंबा लागतो. माहेरचा पाठिंबा म्हणजे मी. मी म्हणाले, वर्षभर बघू.

मधल्या काळात आम्ही काही करत नव्हतो असं नाही, उलट रोज करत होतो, आणि तेच जास्त घातक. न्हाऊ घालणाऱ्या बाई हात खसाखसा रगडायच्या, एकदा तर "सांधा बसवते" म्हणून हिसडा दिला. फिजिओ नेमाने चालू होती. ती हवीच, सांधे आखडू देत नाही. पण फिजिओथेरपी तुटलेली नस जोडत नाही, हे वाक्य आम्हाला कोणी स्पष्ट बोललं नाही. एका ठिकाणी बारीक करंट द्यायचं यंत्र लावलं. रोज काहीतरी चाललंय म्हटल्यावर मन शांत राहतं. अधूनमधून बोट हलल्याचा भास व्हायचा, मग दोन दिवस घरात आनंद.

मुंबईच्या सर्जननी त्याला मांडीवर घेतलं, दोन मिनिटं बघितलं. डोळा बघितला. मग विचारलं, "तीन महिन्यांचा असताना का नाही आणलंत?" रागावून नाही, अगदी सहज. ताईने माझ्याकडे बघितलं नाही. त्याबद्दल मी तिची जन्मभर ऋणी आहे.

ऑपरेशन दिवसभर चाललं. खालच्या दोन नसा मणक्यातूनच उपटलेल्या निघाल्या, वरच्या दोन मध्ये तुटून त्यांच्या टोकांना गाठी झालेल्या. दोन्ही पोटऱ्यांच्या मागची एकेक लांब नस काढली (त्याने पावलाची बाहेरची कड थोडी बधिर होते, बाकी काही अडत नाही), तिचे तुकडे करून जोड दिले. इथे एक गोष्ट मला फार विलक्षण वाटली. वरच्या ज्या नसांची मुळं शाबूत होती, म्हणजे मूळच्या खांद्याच्या नसा, त्यातली चांगली नस सर्जननी खांद्याला न देता बोटांकडे वळवली. म्हणाले, आधी पंजा. खांदा थोडा कमी उचलला तरी माणूस जगतो, पण पंजा मेलेला असेल तर उचललेल्या हाताचं करणार काय? खांद्यासाठी शेजारून, मान उडवायच्या नसेतून करंट घेतला. मोठ्या माणसांत असा प्रयत्न सहसा पंजापर्यंत पोचतच नाही, अंतरच एवढं असतं. बाळांत पोचू शकतो. बाळ असणं हाच त्यांचा एकमेव फायदा, आणि तो दर महिन्याला थोडा थोडा संपत असतो.

मग तीन आठवडे मान हलू नये म्हणून डोक्यापासून छातीपर्यंत साचा. आणि मग काही नाही. महिनोन्‌महिने काहीच नाही. सासरचे म्हणाले, "बघा, चिरून काय मिळालं?" जवळजवळ अकरा महिन्यांनी, भाचा वीस महिन्यांचा असताना, त्याने पेपरचा कोपरा त्या हाताच्या बोटांत धरला आणि दुसऱ्या हाताने पेपर ओढून फाडला. आजचा पेपर फाटला म्हणून पेढे वाटणारं आमचं बहुधा एकमेव घर असेल.

तर काय बिघडलं?

पाचवीत आहे आता. कोपर वाकतं, हात तोंडापर्यंत जातो, खांदा अर्धाच उचलतो. बोटं मिटतात, पण पूर्ण उघडत नाहीत, आणि चिमूट होत नाही. लिहिताना वही दाबून धरायला तो हात चालतो. शाळेचा डबा गुडघ्यांत धरून उघडतो. शर्टाचं वरचं बटण अजून ताई लावते, आणि ते कोणी बघू नये म्हणून तो दार लावून घेतो. सहा वर्षांचा असताना पाठीतला एक स्नायू फिरवून खांद्याला जोडायचं दुसरं ऑपरेशन झालं. मजेत आहे, हे खरं, काका. हुशार आहे, तोंडाळ आहे, एका हाताने कॅच घेतो. पण तो मजेत आहे ते त्याच्या स्वभावाने. त्याच्या मजेत असण्याचा दाखला दुसऱ्या बाळाला डॉक्टरकडे न नेण्यासाठी वापरायचा नाही. त्याने तो तुम्हाला दिलेला नाही.

तिसऱ्या महिन्यात नेलं असतं तर हात अगदी दुसऱ्यासारखा झाला असता, असं मी म्हणणार नाही. मुळं उपटलेली होती, कोणीही सर्जन तशी हमी देत नाही. चिमूट आली असती का? बटण लागलं असतं का? माहीत नाही आणि आता ते कधीच कळणार नाही. हे न कळणं माझ्या वाट्याला आलंय आणि ते मी वागवते. चुलतभावाच्या वाट्याला ते यायची गरज नाही.

सगळीकडे एकच नियम आहे असंही नाही, म्हणजे उद्या कोणी कॉमेंटमध्ये मला पकडायला नको. टोरोंटोला म्हणे नऊ महिन्यांच्या बाळाच्या हातात बिस्किट देऊन बघतात, कोपर अंगाशी धरलं असताना मान फारशी न वाकवता तोंडाशी नेतंय का. कोणी तीन महिन्यांवर ठरवतं, कोणी सहावर. वाद आहेत. पण हे वाद ज्यांच्यात आहेत, त्या सगळ्यांनी बाळ आधीपासून आणि वारंवार तपासलेलं असतं, आणि पूर्ण लुळा हात असेल तर थांबायचं नाही, तीन महिन्यांच्या आसपास ठरवायचं, यावर त्यांचं बऱ्यापैकी एकमत आहे. "वर्षभर बघू" म्हणणारा त्यांच्यात मला कोणी सापडला नाही. तो फक्त आपल्या घरात आणि आपल्या गावच्या दवाखान्यात सापडतो.

सरकारचंही थोडं ऐकून घ्या. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, चांगला आहे, गावोगावी मुलं तपासतात. त्यात जन्मतः बघायच्या दोषांची नऊ नावांची यादी आहे. दुभंगलेला ओठ आहे, वाकडं पाऊल आहे, हृदयाचे दोष आहेत, अगदी कमी दिवसांच्या बाळांचा डोळ्याचा पडदाही आहे. लुळा हात त्या नवांत नाही. पुढे वाढीतल्या अडचणींच्या रकान्यात तो कुठेतरी बसवता येतो म्हणे, पण तोवर बाळ मोठं झालेलं असतं. डिस्चार्ज कार्डावर एक छापील ओळ टाकायला किती शाई लागते? 'दोन्ही हात सारखे हलतात का: हो / नाही. नाही असल्यास तिसऱ्या महिन्याच्या आत हाताच्या किंवा नसांच्या सर्जनला दाखवणे. तारीख.' मला त्या शेवटच्या शब्दाशी मतलब आहे. वाट बघा म्हणणाऱ्या प्रत्येकाला, डॉक्टर असो की काका, पुढे एकच विचारायचं: कुठल्या तारखेपर्यंत?

असो. आता घरातल्यांसाठी, बाकीच्यांनी इथून पुढे नाही वाचलं तरी चालेल.

वहिनी, डोळा बघितला का? दोन्ही पापण्या सारख्या आहेत, मी तो व्हिडिओ पन्नास वेळा थांबवून बघितला, आणि बोटं हलतायत. हे चांगलं लक्षण आहे. बहुतेक तिला ऑपरेशन लागणारही नाही. तरी दाखवायचं. हात रगडायचा नाही, अंघोळीच्या बाईंना तू सांगू शकत नसशील तर मला फोन जोडून दे. कपडे घालताना आधी डावी बाही, काढताना शेवटी. दर रविवारी तसाच एक व्हिडिओ काढून ठेव, त्याच दुपट्यावर, त्याच उजेडात. डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

मुंबईची वेळ घेतली आहे, येत्या गुरुवारी सकाळी अकराची. भाचाही येतो म्हणतोय, शाळा बुडवायला मिळेल म्हणून. अण्णाकाका, बाळाला एसटीने न्यायचं नाही, तुमची गाडी लागेल. बुधवारी संध्याकाळी निघू.